काडीवरचा उमेदवार

परवा रात्री एका वाहिनीवर तीन तज्ज्ञ बावीस मिनिटं डुकराच्या चॉपवर बोलले. मी घड्याळ लावून बसलो होतो. कार्यक्रम पाककृतीचा नव्हता. विषय होता, अमेरिकेत २०२८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी कुणाच्या गळ्यात पडेल.

तज्ज्ञांचं एकमत झालं की मतदाराला उमेदवार ‘आपल्यातला’ वाटायला हवा. आपल्यातला म्हणजे कसा? तर आयोवा राज्याच्या जत्रेत, ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात, शंभरेक कॅमेऱ्यांच्या घोळक्यात, हाडाला धरून चॉप खाणारा. ओठाला तेल दिसलं पाहिजे, शर्टावर थेंब दिसता कामा नये. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घास मोठा, पण अधाशी नाही. कातडी बूट घातले असतील तर ते जुने हवेत, आणि काल विकत घेऊन जुने केलेले नकोत. इतकं जमलं की परराष्ट्र धोरण आपोआप जमतं.

ही जत्रा डे मॉइनला भरते. तिथे खाण्याच्या पन्नासावर वस्तू काडीवर टोचून मिळतात. उकडलेलं अंडंसुद्धा काडीवर. लोण्याची एक पूर्ण आकाराची गाय काचेमागे थंडाव्यात उभी असते, तिला सुमारे २७० किलो लोणी लागतं, आणि १९११ पासून हा रिवाज आहे. उमेदवार तिलाही भेटतो. तिच्यासमोर तो नेमका काय चेहरा करतो, याचेही फोटो निघतात. गाय तेवढी निर्विकार असते. राज्यात माणसं बत्तीस लाखांच्या आसपास आणि डुकरं दोन कोटींवर, त्यामुळे चॉपला नाही म्हणणं म्हणजे सांगलीत जाऊन ‘मला हळद चालत नाही’ म्हणण्यासारखं. मक्याचंही तसंच. आपल्याकडे उसाच्या इथेनॉलबद्दल वाकडं बोलून साखरपट्ट्यात कुणी निवडून येत नाही. तिकडे मक्याच्या इथेनॉलबद्दलची मतं आयोवाच्या हद्दीत शिरताना गाडीतच बदलावी लागतात.

आमचा भाचा डे मॉइनला एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरची देखभाल करतो. बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. त्या रांगेची गती पाहता त्याच्या नातवंडांना तरी ते मिळावं, एवढीच आमची गणपतीकडे मागणी. शाकाहारी आहे, अंडं तेवढं चालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो हौसेनं जत्रेला गेला. त्या वर्षी एकाच पक्षाकडून वीसहून जास्त जण इच्छुक होते, त्यामुळे त्याच्या म्हणण्याप्रमाणे जिकडे पाहावं तिकडे कुणीतरी भावी राष्ट्राध्यक्ष काडी चोखत उभा.

“मामा, अगदी कांदेपोहे रे,” तो म्हणाला.

एकदम पटलं. फरक इतकाच की आपल्याकडे पोहे घेऊन येणारीला बघतात, तिकडे खाणाऱ्याला बघतात. नाही, तेही खरं नाही. आपल्याकडेही खाणाऱ्याला बघतात, हे मी अनुभवानं सांगतो. छत्तीस वर्षांपूर्वी मिरजेला एका घरी मी बघायला गेलो होतो. पगार किती, कुणी विचारलं नाही. घरावर कर्ज किती, विचारलं नाही. त्या वेळी बावीस हजार होतं, मी आकडा पाठ करून गेलो होतो. मी पोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावल्या. आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला: मुलगा नाजूक वाटतो. नाजूक! त्याच वर्षी मी सायकलवरून पन्हाळा चढून आलो होतो. पण ते सांगायची सोय नव्हती, कारण प्रश्न पन्हाळ्याचा नव्हताच, मिरचीचा होता. पुढे दुसऱ्या घरी मी सगळ्या मिरच्या चावून खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ‘मुलगा हळवा आहे’ म्हणून लग्न जमलं. माझी पात्रता दोन्ही वेळा तीच होती. तेव्हापासून जिथे जिथे कुणाला खाताना पारखलं जातं, तिथे माझी सहानुभूती बशीच्या पलीकडच्या माणसाकडे असते. मग तो अमेरिकन असला तरी.

तर चॉप. चॉप सुरी-काट्यानं खाल्ला तर उमेदवार शिष्ट. हातानं खाल्ला तर नाटकी. एकच घास घेऊन मदतनिसाकडे दिला तर ढोंगी. पूर्ण खाल्ला तर याला काही कामधंदा नाही का? नाहीच खाल्ला तर संपला. तज्ज्ञांपैकी एकानं हात पुसायच्या कागदी रुमालाचाही मुद्दा काढला: रुमाल घ्यावा, पण शोधू नये. मी वहीत लिहून ठेवलं.

आता असं बघा, या सगळ्या चोखण्याचाखण्यातून शेवटी मतं किती पडतात? २०२४ च्या १५ जानेवारीला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एका पक्षाच्या कॉकसला साधारण १ लाख १० हजार माणसं आली. आपल्याकडे एवढी एखाद्या विधानसभा मतदारसंघाच्या अर्ध्या भागात येतात. कॉकस म्हणजे संध्याकाळी शाळेत नाहीतर चर्चमध्ये जमायचं, आणि पक्षागणिक पद्धत निराळी. दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी २०२० साली आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं. कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं जमली नाहीत तर कोपरा मोडायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यांनी त्या अनाथांना हाका मारायच्या. बिस्किटं दाखवून बोलावतात म्हणे. २०१६ मध्ये काही ठिकाणी बरोबरी झाली तेव्हा चक्क छापा-काटा झाला. २०२० मध्ये निकाल कळवायचं काम एका ॲपवर सोपवलं, ॲप कोलमडलं, निकाल काही दिवस लटकला. पुढे त्या पक्षानं पहिला मान आयोवाकडून काढून साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरवाले रुसले. आपली प्राथमिक निवडणूक देशात पहिली असावी असा त्यांनी स्वतःच्या राज्यात कायदाच केलाय. मानपानावर कायदा करणारं हे एकमेव व्याहीमंडळ. त्यांच्या डिक्सव्हिल नॉच नावाच्या वाडीत मध्यरात्री मतदान होतं. २०२४ ला मतदार होते सहा. त्यांना बघायला किती कॅमेरे आले असतील, तुम्हीच अंदाज करा.

आणि जिंकलं कोण, हे मतांवरून ठरत नाही. ते ‘अपेक्षे’वरून ठरतं. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. ९४ टक्केवाल्याच्या घरी सुतक, आई पदर डोळ्याला लावून बसलेली. ५२ वाल्याच्या घरी पेढे आणि फटाके. अगदी तसंच. पहिला आलेला उमेदवार ‘अपेक्षेपेक्षा कमी’ म्हणून हरतो, तिसरा आलेला ‘अपेक्षेपेक्षा बरा’ म्हणून जिंकतो, मग त्याच्याकडे देणग्या वळतात आणि पहिल्याच्या आटतात. अपेक्षा कुणाची? चॉपचे फोटो काढणाऱ्यांची. त्यांनीच आठवडाभर आधी आकडा फेकायचा आणि त्यांनीच तो चुकल्याबद्दल उमेदवाराला नापास करायचं. पैसे संपले की उमेदवार ‘मोहीम स्थगित’ करतो. थांबलो, हरलो असं कधी म्हणत नाहीत. आमच्या गल्लीतलं एक वाचनालय १९९१ पासून असंच स्थगित आहे.

इथवर मी हसत होतो. भाच्यानं पुढचं सांगितलं आणि मग हसू येईना.

तो चॉपच्या तंबूजवळ काडीवरचं अंडं घेऊन उभा होता. समोर एक उमेदवार खात होता. गर्दीतून एक बाई पुढे आल्या, साठीच्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी विचारलं, माझ्या मुलाला इन्सुलिन परवडत नाही, तो डोस ताणून ताणून घेतो, तुम्ही काय करणार? उमेदवाराच्या तोंडात घास. तो चावायला लागला. त्याला उत्तर द्यायचं होतं, असं भाचा म्हणतो, तो भरभर चावत होता बिचारा. आणि सगळे कॅमेरे त्याच्या जबड्याकडे. त्या बाईंकडे एक नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “चव कशी आहे?” त्यानं घास गिळला आणि आधी चवीचं उत्तर दिलं, कारण ते छोटं होतं आणि तेवढंच दाखवलं जाणार होतं. मग गर्दी त्याला घेऊन लोण्याच्या गायीकडे सरकली. रात्रीच्या बातम्यांत चावणं आलं. इन्सुलिन आलं नाही. आणि पाच महिन्यांनी हेच लोक स्टुडिओत कपाळाला आठ्या घालून विचारणार, की मतदार धोरणांवर मत का देत नाहीत! अहो, कुठून देणार? धोरणाला काडी लागत नाही म्हणून तुम्ही ते दाखवलं नाहीत. औषधाच्या योजनेची साठ पानं कुणीतरी रात्र रात्र जागून लिहिली असतील, तुम्ही त्यातलं एक पान उलटलं नाहीत, आणि कागदी रुमालावर तीन तज्ज्ञ बसवलेत. बावीस मिनिटं! एवढ्या वेळात माणूस इन्सुलिनचा भाव तीनदा वाचून दाखवील, वर एक जाहिरातही होईल.

असो. रक्तदाब वाढतो.

मी भाच्याला विचारलं, मग त्या बाईंनी मत दिलं कुणाला? तर जत्रेतच एक गमतीची मतपेटी असते. प्रत्येक उमेदवाराच्या नावाची काचेची बरणी, आणि येणाऱ्याला मक्याचा एक दाणा. टाका ज्याला टाकायचा त्याला. त्या बाई बरण्यांसमोर भाच्याच्या पुढेच होत्या, सोबत शेजारीण. दोघींचं चाललेलं त्यानं ऐकलं. बाईंना तो चावणाराच आवडला होता, त्याची औषधांची योजना त्यांनी घरी वाचली होती. “पण त्याला लोक नाही देणार,” त्या म्हणाल्या, आणि दाणा दुसऱ्याच्या बरणीत टाकला. शेजारीण म्हणाली, “मलाही तोच आवडतो गं, पण तुझ्यासारख्यांना चालेल का, असं वाटलं.” तिनंही दुसऱ्याच्या बरणीत टाकला. मग दोघी लिंबू सरबत प्यायला गेल्या.

दाणा भाच्यालाही मिळाला. नागरिक आहेस का, कुणी विचारलं नाही. बारा वर्षांत त्या देशानं त्याला दिलेला तेवढाच मताधिकार.

“तू कुणाला टाकलास?”

“ज्याची बरणी जास्त भरली होती त्याला,” भाचा म्हणाला. “एकच तर दाणा, मामा. वाया कशाला घालवायचा?”