स्टेशन आलं, सातारा कुठाय?

सातारा स्टेशनवर उतरलो म्हणजे साताऱ्यात पोचलो, असं फक्त नवख्यालाच वाटतं. स्टेशन माहुलीजवळ, पुढे शहरापर्यंत रिक्षावाल्याशी तहाची बोलणी. आता ‘अमृत भारत’ या स्टेशनांच्या नूतनीकरण योजनेच्या यादीत साताऱ्याचं नाव आलंय. लोणंदच्या नव्या रूपाचं तर २२ मे २०२५ ला उद्घाटनही उरकलं. साताऱ्याच्या नव्या इमारतीला चाकंच लावा म्हणावं, शहरातल्या पोवई नाक्यापर्यंत तरी येईल! सांगलीकरांचं वेगळंच दुखणं: जिल्हा त्यांच्या नावाचा, जंक्शन मिरजेचं. याच मार्गावर ७ जून १९४३ ला शेणोलीत इंग्रज सरकारची पगाराची गाडी लुटण्यासाठी अडवायला स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेला रुळांवर दगड रचावे लागले. पुढे एकेरी मार्गावर गाड्या क्रॉसिंगसाठी आपणहून थांबू लागल्या, तासन्‌तास. लुटायला मात्र आत पॅसेंजरांच्या शिळ्या दशम्याच.