क्वार्ट्झसाइटच्या सरकत्या खोल्या

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदी ओलांडून पूर्वेकडे सुमारे ३० किलोमीटर गेल्यावर, इंटरस्टेट १० या महामार्गालगत क्वार्ट्झसाइट नावाचे गाव लागते. २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती २,४०० च्या आसपास भरली, आणि जुलै महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या वर असताना, तेथून जाणाऱ्या प्रवाशाला हा आकडाही कोणीतरी गावाच्या अभिमानापोटी वाढवून सांगितल्यासारखा वाटतो. जानेवारीत मात्र त्याच माळावर नजर पोहोचेल तिथवर चाकांवरची पांढरी घरे उभी असतात आणि त्यांच्यासमोर घडीच्या खुर्च्या टाकून उत्तरेकडील राज्यांतले व कॅनडातले निवृत्त लोक ऊन खात बसलेले असतात. थंडीपुरते दक्षिणेला उतरणाऱ्या या लोकांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात आणि त्यांच्या घरांना 'आरव्ही'. केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याने ला पोसा या नावाचा अकरा हजार एकरांहून मोठा माळ त्यांच्यासाठी राखला असून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या मुक्कामाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते. एवढ्या पैशांत वीज मिळत नाही, पाणी नळाशी जाऊन भरून आणावे लागते, परंतु शेजारी मात्र अमाप मिळतात, आणि पुढील विवेचनात त्यांचा वाटा मोठा असल्याने त्यांची नोंद येथेच घेणे इष्ट होय.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे, तथापि मुक्कामाला पोहोचल्यावर त्या बिऱ्हाडाची रुंदी वाढावी अशी अपेक्षा विंचवाने कधी केलेली नाही. ती अमेरिकन माणसाने केली. तेथील कायद्यानुसार रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी १०२ इंचांहून, म्हणजे सुमारे २.६ मीटरहून अधिक असू शकत नाही, आणि एवढ्याशा रुंदीत दुहेरी दाराचा फ्रिज, पाय पसरून बसण्याचा सोफा आणि चाळीस वर्षांचा संसार केलेले दांपत्य एकाच वेळी मावत नाहीत. यावर तोडगा म्हणून इंडियाना राज्यातील न्यूमार या कंपनीने १९९० मध्ये मोटारघराला सरकती खोली बसवली, जिला 'स्लाइडआउट' म्हणतात: गाडी उभी केल्यावर बटण दाबताच भिंतीचा एक मोठा भाग आपल्या फरशीसह, छतासह आणि आतल्या सामानासह दोन-तीन फूट बाहेर सरकतो आणि मधोमध चालण्यापुरती जागा मोकळी होते. तीच खोली आत घेतली असता फ्रिज समोरच्या सोफ्याला जवळजवळ टेकतो, त्याचे दार वीतभरही उघडत नाही, आणि दूध काढू पाहणाऱ्याला हात खांद्यापर्यंत आत घालून केवळ स्पर्शाने दूध व लोणचे यांतला भेद ओळखावा लागतो.

काही शे किलो वजनाची ही खोली हलवण्याचे काम अनेक गाड्यांत हायड्रॉलिक सिलिंडरकडे असते. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, आणि तिच्यातील सिलिंडर म्हणजे एक पोलादी नळी, जिच्या आत पिस्टन सरकतो आणि पिस्टनला जोडलेला चकचकीत दांडा एका तोंडातून बाहेर येतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप नळीच्या एका टोकाला तेल सोडतो तेव्हा दांडा बाहेर पडतो, दुसऱ्या टोकाला सोडतो तेव्हा तो आत शिरतो. दीड इंच व्यासाच्या पिस्टनवर दर चौरस इंचाला २,००० पौंड इतका दाब आला, तर सुमारे सोळाशे किलोंचा रेटा निर्माण होतो. परंतु उलट दिशेला तेलाच्या वाट्याची बरीचशी जागा दांड्यानेच अडवलेली असल्याने आत ओढण्याचा जोर नेहमी कमी भरतो. संसार मांडणे सोपे आणि आवरणे कठीण, हा सिद्धांत येथे वर्तुळाच्या क्षेत्रफळाने सिद्ध होतो. बऱ्याच गाड्यांत खोलीखाली दोन रूळ असले, तरी सिलिंडर त्यांपैकी एकालाच जोडलेला असतो आणि दुसऱ्या रुळापर्यंत हालचाल पोहोचवण्यासाठी दातेरी चाके बसवलेला एक आडवा शाफ्ट असतो. त्याने कुचराई केली की खोलीचे एक टोक आत येते आणि दुसरे बाहेरच थबकते.

सिलिंडरचे दुखणे दोन प्रकारचे असते. पहिल्यात दांड्याभोवतीचे रबरी सील झिजते आणि तेल बाहेर ठिबकते. या यंत्रणांत बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरतात आणि ते मुद्दाम लाल रंगवलेले असल्याने वाळवंटाच्या फिक्या खडीवर त्याचा डाग लांबूनही ओळखू येतो. दुसरा प्रकार अधिक कपटी असतो, कारण त्यात पिस्टनवरचे सील आतल्या आत जाते, तेल एका बाजूने दुसऱ्या बाजूला झिरपते, खाली थेंबही पडत नाही, आणि तेल अडवून धरणाऱ्या वॉल्व्हची सोय नसेल तर महामार्गावरच्या वळणावर खोली आपल्या मर्जीने हळूहळू बाहेर डोकावू लागते. बिघाड व्हायचाच असेल तर खोली आत असताना व्हावा की बाहेर असताना, याविषयी दोन पक्ष आहेत. आत अडकली तर गाडी दुरुस्तीला नेता येते, पण उपाशीपोटी. बाहेर अडकली तर जेवणखाण यथास्थित होते, पण गाडी तसूभर हलवता येत नाही. मुक्कामाचे सात महिने हाताशी असल्याने क्वार्ट्झसाइटचे लोकमत दुसऱ्या पक्षाकडे झुकावे, यात नवल नाही.

लाल डाग पडला की शेजारी जमतात. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला शेतकरी केवळ सील किट, म्हणजे रबरी कड्यांचा संच, बदलावा असे म्हणतो. कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन दांड्यावर बोट फिरवून त्यावरचा ओरखडा दाखवतो आणि असा दांडा नवे सीलही महिनाभरात खाईल, तेव्हा सिलिंडरच बदलावा असा निर्णय देतो. तिसरा कोणी पंपाला दोष देतो, कारण त्याच्या गाडीत तो पंपाचा होता. या तिघांत फोरमनचे मत ग्राह्य धरावे लागते. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी कोणी बोट पुढे करतो तेव्हा मात्र सभेतील चेष्टामस्करी थांबते, कारण दाबाखालच्या तेलाची केसाएवढी धार कातडीत शिरली तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते; म्हणून तेथे पुठ्ठ्याचा तुकडा धरतात. पंपाची मोटर बंद पडलेली असल्यास, काही बनावटींत तिच्या टोकाला षट्कोनी खाच असते आणि तिच्यात हातातले ड्रिल मशीन लावून पंप फिरवता येतो. भिंतीवर तसबिरी टांगण्यासाठी घेतलेल्या ड्रिलने घराची एक आख्खी बाजू आत येताना पाहणे हे त्या माळावरील उत्तम प्रेक्षणीय स्थळांपैकी एक होय.

अधिकृत प्रेक्षणीय स्थळ निराळे आहे. वाळवंटात सामान वाहण्यासाठी अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरवले आणि त्यांच्यासोबत हाजी अली हा उंटवाला आला, ज्याला स्थानिक लोक 'हाय जॉली' म्हणू लागले. १९०२ मध्ये तो क्वार्ट्झसाइटला वारला आणि १९३५ मध्ये त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभारून शिखरावर धातूचा उंट बसवण्यात आला. उंट सांगितल्याबरोबर गुडघे मोडून बसतो आणि त्याला ना बॅटरी लागते ना तेल. तरीही खेचरे त्याला बुजत आणि खेचरवाले त्याच्यावर चिडत, आणि पुढे यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो प्रयोग बारगळला. सिलिंडरची वाट पाहणारे बरेच लोक या थडग्यापाशी जाऊन येतात.

वाट पाहावी लागतेच, कारण जुन्या सिलिंडरवरची चिठ्ठी चिखलाने व उन्हाने वाचण्यापलीकडे गेलेली असते आणि आतला व्यास, दांड्याची धाव, मिटलेली लांबी व तेलाच्या तोंडांची जागा ही मापे पाठीवर आडवे पडून घ्यावी लागतात. या माळावर खरे विंचूही राहतात, परंतु हिवाळ्यात ते दगडांखाली गारठून पडलेले असल्याने गाडीखाली वळवळणारा प्राणी बहुतेक वेळा गाडीचा मालकच असतो. नवा भाग टपाल कचेरीत 'जनरल डिलिव्हरी' या पद्धतीने, म्हणजे घरच्या पत्त्याशिवाय केवळ नावावर मागवता येतो.

प्रत्यक्ष बदलणे त्या मानाने सरळ असते. गाडी समपातळीवर उभी करून खोली पट्ट्यांनी जखडावी लागते, कारण दांडा सुटल्यावर तिला धरून ठेवणारे काही उरत नाही; मग पंपाच्या वॉल्व्हमधून उरलेला दाब सोडावा आणि बॅटरीची तार काढावी, अन्यथा चहासाठी फ्रिजकडे जाऊ इच्छिणारे कोणी आतून बटण दाबते. तेल नेणाऱ्या दोन्ही लवचीक नळ्या (होस) सोडण्यापूर्वी त्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात आणि सुटलेल्या तोंडांना लगेच टोपणे घालावीत. खरे घोडे पेंड खाते ते दांड्याच्या आटे पाडलेल्या टोकाशी: तेथील लॉकनट कोठे घट्ट केला आहे यावर खोली नेमकी किती आत येऊन थांबणार हे ठरते, आणि नटापुढे किती आटे मोकळे आहेत ते न मोजताच तो सोडला, तर नव्या सिलिंडरने खोली जवळजवळ बंद होते आणि उरलेल्या बोटभर फटीतून वाळूचे वादळ घरात येते. दोन पाने लागतात, एक नट धरायला आणि एक फिरवायला, आणि धरणाऱ्याने बोलू नये असा संकेत आहे, जो पाळला जात नाही.

शेवटी तेल भरतात, खोली तीन-चार वेळा आत-बाहेर करून नळ्यांतली हवा तेलाच्या टाकीकडे घालवतात, आणि येथे जाणकारही फसतो. खोली बाहेर असताना सिलिंडरने बरेच तेल स्वतःकडे ठेवलेले असते. त्या अवस्थेत टाकी काठोकाठ भरली, तर खोली आत घेताना दांडा जितकी जागा व्यापतो तितके तेल जास्तीचे ठरते आणि टाकीच्या टोपणातून उसळून सामानाच्या कप्प्यात पसरते. म्हणून तेलाची पातळी सर्व खोल्या आत घेऊनच पाहावी.

ग्रँड कॅन्यन पाहण्यासाठी असे वाहन भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी करारावर सही करण्यापूर्वी मालकाकडून प्रत्येक खोली आपल्यासमोर दोनदा बाहेर काढून आत घेऊन पाहावी, आणि नंतर वाकून जमिनीवर लाल थेंब आहेत का ते तपासावे; थेंब दिसल्यास दुसरी गाडी मागावी.