रस्ता समुद्राकाठचाच आहे

आमच्या मंडळाच्या मुलांनी डिसेंबरात सायकलवरून कोकणात जायचं ठरवलं आणि सोबत एक मोठं माणूस हवं म्हणून मला निवडलं. निकष दोनच होते: माझ्याकडे सायकल आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. ती सायकल गॅलरीत असते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात, हे मी निवडीआधी जाहीर केलं नव्हतं.

बेत साधा होता. ठाण्याहून टेम्पोने भाऊच्या धक्क्यावर, तिथून रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, मुरूड, दिवेआगर, केळशी, गुहागर करत पाच दिवसांत गणपतीपुळे. १५ ते २० वर्षांची बारा मुलंमुली आणि पन्नाशी ओलांडलेला मी. पालकसभेत मी भिंतीवर नकाशा लावला, त्यावरून रुबाबात बोट फिरवलं आणि म्हणालो, "काळजी करू नका. रस्ता समुद्राकाठचाच आहे. सपाट!" एका आजोबांनी लगेच दुजोरा दिला, "आम्ही एसटीने गेलो होतो. आम्हाला कुठेच चढ लागला नाही."

घोळ तिथेच झाला. एका मुलीने मोबाइलवर वाटेच्या चढउतारांचा आलेख काढून दाखवला. नकाशावर गुळगुळीत दिसणारा रस्ता आलेखात फणसाच्या सालीसारखा होता. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, असं शाळेत पाठ केलं होतं. तो जागोजागी खाड्यांनी फाडलेला आहे, हे पायडल मारायची वेळ आल्यावर कळतं. गाव खाली पुळणीपाशी, आणि रस्ता मात्र वर जांभ्याच्या सड्यावर. म्हणजे गावातून निघालं की घाट, मग सडा, मग उतार, की खाली पुढचं गाव. तिथे पाणी प्यायचं आणि पुन्हा घाट. मधल्या मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या वाटेवर खात्रीचा सपाट भाग म्हणजे बोटीचा, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मग मी तयारीला लागलो. पहिला नियम केला: प्रत्येकी सामान सात किलोच्या वर नको. दुसऱ्या दिवसापासून घरोघरच्या आया डबे घेऊन येऊ लागल्या. मी वजनकाटा दाखवला की म्हणायच्या, "अहो, हे सामान नाही, खाऊ आहे." डिंकाचे लाडू, चिवडा, दोन बरण्या लोणचं. एका मुलाने वजन कमी करायचं म्हणून सायकलचं स्टँड काढून टाकलं होतं. त्याच्याच कॅरिअरला सव्वा किलो चकल्या बांधलेल्या होत्या.

दुसरा नियम: प्रत्येकाला पंक्चर काढता आलंच पाहिजे. प्रात्यक्षिक अर्थातच मी दिलं. चाळीस मिनिटं खपून चाक बसवलं आणि हवा भरली, तर फुस्स. टायर चढवताना ट्यूब पान्ह्याखाली चिमटली होती. एका पंक्चरची मी दोन केली होती. शेजारी एक मुलगी आईशी फोनवर भांडत होती. भांडण संपायच्या आत तिचं चाक बसलं होतं.

तिसरा नियम: सगळ्यात मागे एक जबाबदार माणूस हवा, म्हणजे कोणी मागे सुटणार नाही. ही जबाबदारी मी मोठ्या मनाने स्वतःकडे घेतली. रविवारी पहाटे उपवनपासून येऊरचा चढ चढून रंगीत तालीम केली, तेव्हा कळलं की माझी नेमणूक करण्याची काहीच गरज नव्हती.

शेवटी जेवणाचं. मी प्रत्येक मुक्कामाचं वेळापत्रक मिनिटासकट आखून घरगुती खानावळींना फोन लावले. "आम्ही बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी पोहोचू," मी सांगितलं. पलीकडच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "घाट उतरलात की फोन करा, मी भात टाकते. मासे खाणारे किती?" माझ्या सहा पानी वेळापत्रकात नेमका हाच आकडा नव्हता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रवासाचा तक्ता सगळ्यांना पडद्यावर दाखवला. अंतर, चढ, दवाखाना, सायकल दुरुस्ती, फेरीबोट, असा एकेक कॉलम. चढ लाल रंगात, मोठे चढ गडद लाल. भीती वाटावी असाच तक्ता होता तो, आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, उतार कुठल्या कॉलममध्ये आहेत?"

उतारांचा कॉलमच नव्हता. जितके चढ, जवळजवळ तितकेच उतार. पण महिनाभर मी फक्त चढ मोजले होते. घरी येऊन रात्री साडेअकराला मी तक्ता उघडला, हिरव्या रंगाचा नवा कॉलम घातला, वर 'उतार' असं लिहिलं. सड्यावरून भन्नाट वाऱ्यात खाली सुटलेली बारा पोरं आणि समोर एकदम उघडलेला समुद्र, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. बराच विचार केला.

मग पाचही दिवसांपुढे लिहिलं: 'ब्रेक तपासणे.'