गल्ला दोनशेचा, वाटा कितीचा?

हायवेत जमीन गेली, मोबदला खात्यात पडला की दारात दोघं येतात : फॉर्च्युनर आणि दिग्दर्शक. फॉर्च्युनर निदान विकता येते. दिग्दर्शक येतो तो काखेत स्क्रिप्टचं बाड आणि ओठांवर ‘सैराट’च्या गल्ल्याचा आकडा घेऊन. पंधरा दिवसांत मुहूर्ताचा नारळ फुटतो, पोस्टरवर साहेबांचं नाव हिरोपेक्षा मोठ्या टायपात झळकतं. शेवटी हातात काय पडणार, हे विचारायला मात्र कुणालाच सवड नसते.

घ्या कागद-पेन्सिल. मल्टिप्लेक्सचं तिकीट दोनशे रुपये. शंभराच्या वरचं, म्हणून अठरा टक्के जीएसटी. सरकारचे साडेतीस रुपये आधीच बाजूला, उरले १६९ आणि चिल्लर. २००९ साली हिंदीतल्या बड्या निर्मात्यांनी दोनेक महिने नवे सिनेमे अडवून धरले, तेव्हा कुठे मल्टिप्लेक्सवाल्यांशी वाटणी ठरली : पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. तुम्हालाही तोच भाव मिळाला असं समजू. म्हणजे पहिल्या आठवड्यात तिकिटामागे ८५ रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचा व्हीपीएफ आणि होर्डिंगवाल्याचं बिल. सक्सेस पार्टीच्या फ्लेक्सवर मात्र छापतात ते अख्खे दोनशे.

त्यात मराठी सिनेमा चालतो तो तोंडी प्रसिद्धीवर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर टक्का घसरलेला आणि उरलेला एकुलता शो सकाळी पावणेदहाचा. प्रेक्षक तुम्ही आणलात, पण इंटरव्हलला त्याने घेतलेल्या पॉपकॉर्नमधला एक दाणाही तुमचा नाही.

‘चॅनेल आहे, ओटीटी आहे!’ आहेत की. ते म्हणतात, आधी थिएटरचा आकडा दाखवा. ‘शासनाचं अनुदान?’ सिनेमा पुरा झाल्यावर समिती बघणार, दर्जा ठरवणार, मग फाइल हलणार. सावकाराचं व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावतं.

ही रड आजची नाही. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, भांडवलदाराला पटवायला वाटाण्याचं रोप वाढतानाची चिमुकली फिल्म काढून दाखवली. आजची पोरं त्याला ‘पिच’ म्हणतात. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. १९१८ साली भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी खटके उडाले आणि फाळके सगळं सोडून थेट काशीला गेले. भारतीय सिनेमाचा जनक कॅमेऱ्यापुढे कधी हरला नाही. भागीदारीने त्याला काशी दाखवली.

शंभर वर्षांत आपण यातून काय शिकलो? अभिनयाचे क्लास गल्लोगल्ली निघाले. निर्मिती हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकायचा, तर सत्यजित राय यांच्या नावाची संस्था कोलकात्यात आहे. पण तिकडे जाणार कोण? निर्माता व्हायला लागतो तो सात-बारा, सर्टिफिकेट कशाला!

तेव्हा मोबदला जमा झालेल्या सर्वांना फुकटचा सल्ला : सिनेमा शेजाऱ्याला काढू द्या. तुम्ही थिएटरातल्या पॉपकॉर्नचा ठेका मिळतो का बघा.