चार आण्याची चेन

जुन्या रोड बाइकच्या गिअरची झीज चेनपासून सुरू होते, आणि मालकाचे लक्ष तिकडे सर्वांत शेवटी जाते. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्यात एक सोळांश इंचाची वाढ झाली, की चेन बदलावी. फूटपट्टी घरातच असते, पण ती मुलांच्या भूमितीसाठी. ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पार केली, तिथेही हे निदान कसारा घाटातच होते. चढावर जोर देताच चेन खट्‌कन सटकते. दोष आधी केबलला, मग खड्ड्यांना, शेवटी सकाळच्या मिसळीला. तोवर फ्रीव्हीलचे दाते करवतीसारखे झालेले असतात. नवी चेन त्यांवर टिकत नाही, म्हणून फ्रीव्हीलही नवे. मग सात गिअर कमी वाटू लागतात. अकरा हवेत तर चाक नवे, शिफ्टर नवे, आणि मागचा 126 मिलिमीटरचा फाटा 130 पर्यंत फाकवणे (फ्रेम पोलादी असेल तरच). चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! मूळ सायकलीची सीटची नळी तेवढी शाबूत राहते, कारण ती गंजून फ्रेममध्ये अडकलेली असते.