सोवळ्यातली गोळी

माझ्या कामाला उरक मोठा. सकाळी सहाला उठायचं, थायरॉइडची, कॅल्शियमची आणि लोहाची अशा तिन्ही गोळ्या एकाच घोटात गिळायच्या आणि लगेच चहाचं आधण चढवायचं. सहा महिने हा कार्यक्रम बिनबोभाट चालला. मग रक्त तपासलं, तर टीएसएच भलतंच वर, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडत नव्हती. डोस वाढवायला डॉक्टरांनी पेन उचललं आणि मध्येच विचारलं, “काकू, गोळी घेता कशी?” मी कौतुकाने माझा उरक सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

थायरॉइडची गोळी टिकलीएवढी, औषध अवघं 50 मायक्रोग्रॅम. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार पट! पोटात एकमेकांशी गाठ पडली की कॅल्शियम आणि लोह तिला असं धरून बसतात की तिच्यातलं बरंचसं औषध रक्तापर्यंत पोचतच नाही. मध्ये किमान चार तास हवेत.

मला आजी आठवली. ती सोवळं नेसली की आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर. चुकून हात लागला तर तिला पुन्हा आंघोळ. आम्ही फिदीफिदी हसायचो. आता तीच आजी टिकलीएवढी होऊन माझ्या डबीत बसली आहे. ही गोळी सहाला घ्यायची, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा शिवायचा नाही. कॅल्शियम दुपारी, जेवणाबरोबर. लोह संध्याकाळी, लिंबूसरबताबरोबर. लोहाचं चहाशी हाडवैर, म्हणून पाचचा चहा आधीच आटपायचा.

आमच्या ह्यांना या सोवळ्याओवळ्याची भारी गंमत वाटली. पण लवकरच त्यांचंही पितळ उघडं पडलं. बीपीला चांगलं म्हणून त्यांनी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि त्यांची टेल्मिसार्टनची गोळी आधीच शरीरात पोटॅशियम अडवून धरते. ते फार साठलं तर हृदयाचा ठेका चुकतो. डॉक्टरांनी पुडा बंद करायला लावला. “मीठ काय, औषध आहे होय?” म्हणून हे कधी बोललेच नव्हते. तेव्हापासून शेजारणीने दिलेली मॅग्नेशियमची गोळीसुद्धा मी डॉक्टरांच्या कानावर घालते.

दोन महिन्यांनी टीएसएच जाग्यावर आलं, तेही डोस न वाढवता.

आता सव्वासहाला आतून हाक येते, “अगं, चहा?”

“थांबा जरा,” मी म्हणते, “अजून सोवळ्यात आहे.”