मूठभर डाळ, चार शिट्ट्या

मराठी पाकशास्त्राला एकटा माणूस मान्य नाही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं, १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. या दोघींनी कितीतरी घरं जेवू घातली, पण घरंच. खोली करून राहणारा, एक गंज, एक कुकर, एक तवा आणि एक ताटली एवढ्या भांडवलावरचा पोरगा कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. त्यानं कोणतीही पाककृती घेतली की आधी गणित करायचं. दोन वाट्या डाळीची अर्धी वाटी होते, एका कांद्याचा पाव कांदा होतो. चिमूटभर हिंगाचा चौथा हिस्सा कोणत्या बोटांनी घ्यायचा, तिथे गाडी अडते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत हे गणित घरोघरी नाही, पण खोलोखोली चालतं. मारेगाव, झरी, मुकुटबन अशा बाजूंची पोरं लोकमान्य टिळक महाविद्यालयात नाव घालतात आणि कुणाच्या तरी गच्चीवरच्या किंवा मागच्या अंगणातल्या खोलीत राहतात. गावाच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्यानं रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. त्या कोळशावर कुठेकुठे विजेचे दिवे लागतात. खोलीतल्या पोराचा प्रश्न मात्र चूल पेटवायची कशावर, हाच. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला पत्त्याचा पुरावा लागतो आणि भाड्याच्या खोलीचा पुरावा म्हणजे घरमालकाचा शब्द. म्हणून पाच किलोचं छोटं सिलिंडर. त्याला पत्ता विचारत नाहीत. इंडियन ऑइलनं २०२० मध्ये त्याचं नाव ‘छोटू’ ठेवलं तेव्हा नाव ठेवणारा कधीतरी खोली करून राहिला असावा, अशी मला दाट शंका आहे.

आता फोडणी. घरून आलेला गंज जुना असतो आणि जुन्या गंजाचं बूड मधोमध फुगलेलं असतं. घरी पळीभर तेल पडतं, त्यामुळे हे कधी कळत नाही. इथे एक चमचा तेल टाकलं की ते कडेनं गोल पसरतं आणि मधे कोरडं बेट राहतं. मोहरी नेमकी त्या बेटावर जाऊन बसते, तडतडण्याऐवजी करपते. मग सांडशीनं गंज एका बाजूला कलवायचा, सगळं तेल एका कोपऱ्यात गोळा करायचं आणि त्या इवल्या डबक्यात मोहरी, जिरं, मिरची यांना एकामागून एक उतरवायचं. तोवर ज्योत गंजाच्या दुसऱ्या बाजूला. ही कसरत मुलाखतीत विचारत नाहीत, नाहीतर वणीची पोरं पहिल्या फेरीत लागली असती.

कणकेचंही तसंच. दोन पोळ्यांची कणीक भिजवली तर एका पोळीची बोटांनाच लागून राहते. कुकर त्याहून हट्टी. डाळ पाच जणांची असो की मूठभर, तो शिट्ट्या तेवढ्याच घेणार. डब्याखाली पाणी तेवढंच, तापायला वेळ तेवढाच. माणशी गॅस काढला तर एकट्याचं वरण बहुधा लग्नातल्या पंगतीपेक्षा महाग पडेल.

बाजार तर एकट्याला उघडपणे हसतो. भाजीवाल्या बाईसमोर वांग्यांचे वाटे लावलेले असतात आणि वाटा मोडून मिळत नाही.

“मावशी, पावभरच द्या.”

“पावभर वांग्याचं काय करतं बापू? अर्धा किलो ने. सांभार फुकट टाकतो.”

फुकटच्या सांभारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, अर्धा किलो वांगी येतात. मग सोमवारी वांगं, मंगळवारी आलू-वांगं, बुधवारी वांग्याचं भरीत, आणि गुरुवारी सांभाराचा जुडगा पिवळा पडून पिशवीच्या तळाशी सापडतो. कोथिंबीर एका माणसाला पुरेल एवढी मिळण्याची सोय महाराष्ट्रात अजून कोणी केलेली नाही. राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांतही मी ती पाहिलेली नाही.

सरकारनं जेवणाचा विचार अगदीच केला नाही असं नाही. २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास आणि निर्वाह असे वेगवेगळे भत्ते थेट खात्यात जमा होतात. चांगली योजना आहे, कितीतरी पोरं तिच्यावर शिकली. फक्त भोजन भत्ता आणि भोजन यांच्यामध्ये जे काही असतं, म्हणजे कांदा चिरणं, डाळ निवडणं आणि रात्री अकराला गंज घासणं, त्याला कोणत्याच शासन निर्णयात रकाना नाही.

मुलीची खोली असली की हा विषयच निघत नाही. तिला येतच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं असतं. पोळपाट-लाटणं सामानात आधीच बांधलेलं. मुलाच्या सामानात तांदूळ, तुरीची डाळ, फल्लीदाणे आणि खानावळीवाल्याचा फोन नंबर. तिचीही कणीक बोटांना तेवढीच चिकटते, पण ते सांगायची सोय नाही.

रोज रात्री घरून फोन येतो. “जेवला काय?” याला ‘हो’ म्हणून चालतं. “काय केलं होतं?” हा प्रश्न अवघड. वरण-भात हे उत्तर नेहमी पाठ ठेवावं. त्यावर उपप्रश्न येत नाही. घरी असताना हाच पोरगा भाजीला नावं ठेवून ताट सरकवायचा. आता भाजी त्याची, नावंही त्यालाच ठेवायची, आणि स्वतःच्या भाजीला नावं ठेवण्यात कसली आलीय मजा? मीठ कमी आहे म्हणायला समोर कोणी लागतं.

एकट्याच्या स्वयंपाकाच्या या कसरतीतून सुटायचा एक मार्ग गांधीजींनी काढला होता. १८८८ ते १८९१ ते लंडनमध्ये बॅरिस्टरीसाठी होते. खर्च फार होतोय म्हटल्यावर त्यांनी एकच खोली घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको. आत्मकथेत त्यांनी हे साधेपणा म्हणून मांडलं आहे. मला त्यात स्वयंपाकी हुशारी दिसते. लापशीला फोडणी नाही. बूड फुगलेल्या गंजाचा प्रश्नच मिटला.

आपल्याकडे लापशीची जागा खिचडीची. एक गंज, एकदाच गॅस, वर कच्चं तेल आणि कांदा. पण खिचडीसुद्धा मुळात गर्दीचा पदार्थ. २०१८ च्या ऑक्टोबरात विष्णू मनोहरांनी नागपुरात एकाच कढईत ३,००० किलो खिचडी शिजवली. लोकांनी तोंडात बोटं घातली. मला त्यात नवल वाटलं नाही. तीन हजार किलोत चमचाभर मीठ इकडेतिकडे झालं तर कोणाला कळतं? मूठभर तांदळात मात्र चिमटीची चूक रात्रभर पाणी पाजते. मनोहरांनी एकदा वणीला येऊन एका पोरापुरती खिचडी करून दाखवावी, विक्रम तो.

उन्हाळ्यात तर उरलेलं ठेवायचीही सोय नाही. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, टिनाच्या खोलीत सकाळचं वरण दुपारनंतर फेसाळतं. हिवाळा तेवढा दयाळू. गावाकडून येष्टीनं पिशवी येते, तीत तुरीच्या ओल्या शेंगा. मीठ घालून उकडायच्या, सोलायच्या, खायच्या. या एका पदार्थाला माप लागत नाही. पण शेंगांचा वास भिंतीपलीकडे जातो. “काय शिजवतं बे?” म्हणत शेजारचा येतो, त्याच्यामागून त्याचा मित्र, आणि एकट्याच्या शेंगांना एकदम पंगत बसते. त्या दिवशी नेमकं कमी पडतं.

पदवीची तीन वर्षं संपली तरी पहिल्या महिन्यात आणलेलं हळदीचं पाकीट संपलेलं नसतं. ते, अर्धी हिंगाची डबी, फुगल्या बुडाचा गंज आणि कुकर असा सगळा वारसा नव्यानं आलेल्या पोराकडे जातो.

“भाऊ, कुकरची रिंग?”

“ते तू नवीन घे. जुनी सैल झाली. आन् डाळ आधी भिजत घाल, म्हणजे एक शिट्टी वाचते.”